नक्षी राहिली, चौक गेला

(नौपाडा, ठाणे येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



नौपाड्यात बोलायचे म्हणजे जपून बोलावे लागते. गोखले रोडवरची खरेदी आटोपून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला इथला श्रोता सनावळी चुकली तर व्याख्यान संपायची वाट पाहत नाही. तेव्हा सनावळी मोजक्याच देणार आहे, पण नीट देणार आहे.

आजचा विषय आहे पेशवाईतला वाडा, त्याची बांधणी आणि त्याची सजावट. उदाहरण घेतले आहे पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे. तुम्ही म्हणाल, ठाण्यात बसून पुण्याचा वाडा कशाला? आपल्या परिसरात वाडे नव्हते का? होते की. कोकणचे सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये आपले कौपिनेश्वराचे देऊळ बांधले, आणि कल्याणच्या सुभेदारवाड्याशीही त्यांचेच नाव जोडलेले आहे. त्या वाड्याच्या नावाने १८९५ पासून गणेशोत्सव चालू आहे. नावे राहतात, उत्सव राहतात. पण ज्याच्या खांबाला हात लावून पाहावा आणि ज्याच्या चौकात उभे राहून वर बघावे, असा वाडा दाखवायचा तर पुण्याला जावे लागते. म्हणून विश्रामबाग.

दुसरे कारण इथलेच आहे. राम मारुती रोडपासून घंटाळीपर्यंत, विष्णुनगरपासून ब्राह्मण सोसायटीपर्यंत चालत जा. जुनी घरे उतरत आहेत, मनोरे चढत आहेत. आणि मनोरा जितका नवा, तितकी त्याच्या लॉबीत जुन्या घराची हौस मोठी! कुठे कोरीव खांब उभा केलेला, कुठे पितळी कड्यांचा दरवाजा भिंतीला टेकवलेला. म्हणजे वाडा आपल्याला आवडतो. मग त्यातले नेमके काय आवडते? आपण काय जपतो आणि काय टाकून देतो? हा माझ्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. उत्तराचे तीन भाग करतो: वाडा उभा कसा राहतो, त्याची शोभा कुठे असते आणि कोणासाठी असते, आणि मालक गेल्यावर वाड्याचे काय होते.

पहिला भाग, वाडा उभा कसा राहतो?

सिनेमातला वाडा आठवला की आधी जाडजूड भिंती डोळ्यांपुढे येतात. पण वाड्याचा भार मुख्यतः भिंत पेलत नाही, लाकूड पेलते. खाली घडीव दगडाचे जोते. जोत्यावर प्रत्येक खांबाच्या जागी दगडी तळखडा. तो कशासाठी? सागवानाच्या बुंध्याला जमिनीची ओल लागू नये म्हणून. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटावर मातीचा किंवा चुन्याचा थर. झाला वरचा मजला. यालाच आपण कडीपाट म्हणतो. भिंती मागाहून भरायच्या. कुठे विटा, कुठे मातीचे भेंडे, त्यावर चुन्याचा गिलावा. बाहेरच्या भिंतीही भार घेतात, पण घराचा सांगाडा सागवानी असतो.

आता या सांगाड्याचे माप काय? खण. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. जुनी माणसे घर सांगताना ‘पाच खणी’, ‘सात खणी’ असे सांगत. आपण चौरस फुटांत सांगतो, आणि त्यातही कार्पेट की बिल्टअप म्हणून भांडतो! खणाची लांबी कोण ठरवते? तुळईचे लाकूड ठरवते. सागाचा जेवढा सरळ आणि जाड तुकडा मिळेल, तेवढाच खण. म्हणजे दिवाणखान्याची रुंदी जंगलातल्या झाडाने ठरवली. मालक पेशवा असो की सावकार, झाडापुढे त्याचे काही चालत नाही.

खण एकापुढे एक ठेवत गेले की सोपा होतो, ओसरी होते. चारी बाजूंनी ओसऱ्या फिरवल्या आणि मधला भाग उघडा ठेवला, की चौक झाला. हा चौक वाड्याचा प्राण आहे. उजेड तिथून येतो, वारा तिथून फिरतो, पाऊस तिथे पडतो, धुणे तिथे वाळते, तुळशीवृंदावन तिथेच असते. रस्त्याच्या बाजूला भिंत जवळजवळ आंधळी ठेवता येते, कारण घर आतल्या बाजूने श्वास घेते. मोठ्या वाड्याला असे दोन, तीन, कधी त्याहून जास्त चौक. विश्रामबागवाड्याला तीन. नाना फडणिसांच्या मेणवलीच्या वाड्याला सहा चौक आहेत. वाडा वाढवायचा म्हणजे चौक वाढवायचे.

इतके लक्षात ठेवा: खण हे वाड्याचे माप आहे आणि चौक हा वाड्याचा प्राण. नक्षीचे अजून नावही काढलेले नाही.

आता दुसरा भाग. शोभा कुठे, आणि कोणासाठी?

एका खांबापाशी जरा थांबू. विश्रामबागवाड्यातला सुरूचा खांब घ्या. तळाशी कमळाच्या पाकळ्यांसारखा घेर, त्यातून फुगीर अंग वर निघते आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाते. वर पुन्हा पाकळ्या. त्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखा लाकडी आधार, ज्याला हस्त म्हणतात, आणि त्यातून खाली लोंबणारी केळफुले. किती नाजूक काम! पण हा हस्त काढून टाकला तर काय होईल? तुळईचा उघडा पडलेला भाग लांबेल, ती मधे वाकू लागेल, आणि सगळा भार खांबाच्या टोकाएवढ्या जागेवर येईल. हस्तामुळे भार पसरतो आणि तुळईचा उघडा भाग आखूड होतो. म्हणजे जिथे वजन एका लाकडावरून दुसऱ्या लाकडावर जाते, तिथे सुताराला जाड लाकूड ठेवावेच लागते, आणि नेमके तिथेच त्याने कोरीवकाम केले आहे. तुळईच्या ऐन मध्यावर, जिथे कोरून लाकूड कमी केले तर धोका आहे, तिथे त्याने पटाशी चालवलेली नाही. ही नुसती हौस नव्हे, ही अक्कल आहे.

पण सगळीच शोभा अशी कामाची आहे का? नाही. दोन खांबांमधली महिरप पाहा. पाकळ्यापाकळ्यांची, डौलदार. दगडात किंवा विटांत अशी कमान बांधली तर ती वजन पेलते. वाड्यातली महिरप लाकडी फळ्यांची आहे. दोन खांबांच्या मधे, तुळईखाली ती बसवलेली असते. ती काढून घेतली तरी तुळई जागची हलत नाही! हा सुरूचा खांब आणि ही पाकळीदार महिरप शाहजहानच्या काळात आग्रा-दिल्लीच्या दगडात रूढ झाली. अठराव्या शतकात मराठी फौजा उत्तरेत गेल्या, सरदारांनी तिथले दिवाणखाने पाहिले, आणि दगडातला थाट सागवानात उतरला. खांबाने दिल्लीचे रूप घेतले आणि काम मात्र इथलेच केले. महिरपीने नुसते रूप घेतले.

म्हणजे एकाच दिवाणखान्यात दोन जातींची नक्षी शेजारी शेजारी आहे. एक भार उचलणारी, एक उचलल्याचा आव आणणारी. दोन्ही सुंदर आहेत, हेही कबूल केले पाहिजे.

आता ही शोभा वाड्यात सगळीकडे सारखी वाटलेली आहे का? मुळीच नाही. पैठणीसारखे आहे ते. जर काठाला आणि पदराला, अंगात साधा पोत. दरवाज्याची चौकट कोरीव, वर गणेशपट्टी. देवडी दणकट. पहिल्या चौकात कारभार चालायचा, तिथे खांब कोरीव. माडीवरचा दिवाणखाना सर्वांत भरजरी: छताला हंड्या-झुंबरे, खाली बैठक, लोड, तक्के. भिंतींच्या गिलाव्यावर चित्रे, गणपती, दशावतार, कृष्णलीला. मेणवलीच्या वाड्यात अशी चित्रे आजही पाहायला मिळतात. पुढच्या चौकात जा, नक्षी कमी होते. माजघरात आणखी कमी. स्वयंपाकघरात, कोठीत, बाळंतिणीच्या खोलीत? साधा चौकोनी खांब आणि धुराने काळवंडलेला कडीपाट. भिंतीत कोनाडा आणि फडताळ, एवढीच काय ती सजावट.

ज्या ठिकाणी घरातल्या बायकांचा उभा जन्म जायचा, तिथे सुताराची पटाशी पोहोचलीच नाही. ज्या ठिकाणी पाहुणा घटकाभर बसायचा, तिथे केळफुले लोंबत होती. आणि ज्यांना पहिल्या चौकातही पाऊल ठेवायची मुभा नव्हती, त्यांच्या वाट्याला दरवाज्याची बाहेरची बाजू तेवढी आली. नक्षी पाहताना हा नकाशाही पाहावा. कोणत्या खांबाशी कोण उभे राहत असे, हे खांबाच्या कोरीवपणावरून बरेचसे कळते.

आता थोडा इतिहास, कारण शोभेला राजकारणही असते.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, पहिल्या बाजीरावाची. दोन वर्षांत, १७३२ साली वाडा उभा राहिला. सुरुवातीचा खर्च सांगतात १६,११० रुपये. त्याचा दिल्ली दरवाजा पाहा. एकेका फळीवर ७२ अणकुचीदार खिळे, साधारण हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला. ओळीने मांडलेले ते खिळे दिसतातही सुरेख! पण हत्तीने दाराला धडक देऊ नये म्हणून ते आहेत. ज्या दरबाराला शत्रूचा हत्ती दारापर्यंत येईल असे वाटते, त्याची सजावट अशी असते.

आता विश्रामबागवाडा. १८०७. बांधणारा दुसरा बाजीराव. खर्च सुमारे दोन लाख रुपये. पाऊणशे वर्षांत भाव वाढले असतील हे धरूनही फरक डोळ्यांत भरतो. आणि या पाऊणशे वर्षांत काय काय झाले? १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. १७९५ मध्ये तिथल्याच माडीवरून पडून सवाई माधवरावाचा अंत झाला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत बाजीरावाला पळवून लावले, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. वसई! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेली, उल्हास नदीचे पाणी जिथे समुद्राला मिळते ती वसई. तिथेच पेशव्याने तैनाती फौज पत्करली.

तर अशा पेशव्याने पाच वर्षांनी घर बांधले. त्याला बुरूज आहेत का? तटबंदी आहे का? दारावर हत्तीसाठी खिळे आहेत का? नाहीत. आहे काय? रस्त्याच्या अंगाला कोरीव सागवानी सज्जा. शनिवारवाडा रस्त्याला पाठ करून, तटाआड बसला होता. विश्रामबागवाडा रस्त्याकडे तोंड करून, नटून बसला आहे. संरक्षणाचे काम इंग्रजांच्या तैनाती फौजेने घेतले होते, त्यामुळे दर्शनी बाजूला करायला शोभेखेरीज काही उरले नव्हते. मघाशी महिरपीविषयी जे बोललो, ते इथे सबंध वाड्यालाच लागू पडते. ज्या राज्याने भार उचलणे सोडले, त्याच्या घराचे तोंड सर्वांत देखणे झाले.

यात कारागिरांचा कमीपणा नाही बरे का. उलट, मराठी सुतारकाम त्या काळी आपल्या शिखरावर होते. राज्य उतरणीला आणि हात ऐन बहरात, असे इतिहासात पुष्कळदा होते.

बाजीराव या वाड्यात अकरा वर्षे राहिला. १८१८ मध्ये राज्य गेले. आता तिसरा भाग: मालक गेल्यावर वाड्याचे काय होते?

विश्रामबागवाड्याचे जे झाले ते कोणत्याही स्थपतीने योजलेले नव्हते. १८२१ मध्ये कमिशनर चॅप्लिन यांच्या अमलात इथे संस्कृत पाठशाळा भरली. पेशवे जी दक्षिणा वाटत, त्या खर्चातलाच पैसा पाठशाळेकडे वळवला गेला. पुढे तिचे पूना कॉलेज झाले, आणि त्यातूनच डेक्कन कॉलेज. चौकाच्या चहूकडच्या ओसऱ्यांत वर्ग बसले. चौकाची रचनाच अशी असते की तिथे कचेरी भरते, शाळा भरते, कीर्तन होते आणि पंगतही बसते.

आणि १६ नोव्हेंबर १८५२ ला याच वाड्यात काय घडले? मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे सत्कार झाला, मेजर कँडी यांच्या हस्ते. मघाचा नकाशा आठवा. देवडी, पहिला चौक, दिवाणखाना, कोण कुठपर्यंत! तो नकाशा लाकडात पक्का बसवलेला होता. राज्य जाऊन पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती, आणि पेशव्याच्या घरात सत्काराला उभा होता स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना शिकवणारा माणूस. खांब तेच होते. खांबाला कळत नाही आपल्याशेजारी कोण उभे आहे ते. वाड्याचा अर्थ माणसे बदलू शकतात, हे या वाड्याने मला शिकवले. वाड्याचा अभिमान धरताना १८०७ सांगायचे आणि १८५२ गाळायचे, हे चालणार नाही.

१८७९ मध्ये आग लागली. त्या आगीत पेशव्यांचा बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचाही काही भाग गेला. तो लोकवर्गणीतून पुन्हा उभा राहिला. हे ध्यानात ठेवा: पेशव्याच्या पैशाने बांधलेला वाडा लोकांच्या पैशाने वाचला. पुढे तिथे नगरपालिका आली, मग महापालिकेच्या कचेऱ्या. टपाल कार्यालय आले, पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शन आले. जतनाचे कामही झाले. वाडा टिकला तो वापरात राहिला म्हणून.

मग बाकीचे वाडे का गेले? ‘लोकांना किंमत नव्हती’ असे म्हणणे सोपे आहे. पण कारणे बघू. एक, १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले. मातीच्या भिंतींत पाणी शिरले, भेंडे विरघळले, आणि नदीकाठच्या पेठांतले किती तरी वाडे बसले. दोन, भाडे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. कायद्याचा हेतू चांगला होता. गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा हेतू. पण एकेका खणात एकेक बिऱ्हाड, महिन्याचे भाडे चहाच्या दोन कपांइतके, आणि एक तुळई बदलायची तर मालकाचे वर्षाचे उत्पन्न जायचे. मालक म्हणे मी का करू, भाडेकरू म्हणे मी का करू. मधल्यामध्ये वाळवी काम करत राहिली! तीन, वाटण्या. चौघा भावांत खण वाटता येतात, चौक कसा वाटणार? मग चौकात भिंत येते, मोरी येते, पत्र्याची शेड येते. चौक बुजला की उजेड गेला, वारा गेला, ओल आली. वाडा तेव्हाच मेलेला असतो, पाडणारा फक्त नंतर येतो.

इथे एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे, दिनकर केळकरांचे. वाडे पडत असताना त्यांनी दरवाजे, गणेशपट्ट्या, दिवे, अडकित्ते गोळा केले. कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून आपल्या संग्रहालयात पुन्हा मांडला. ते नसते तर आज आपल्याला नमुनेही दिसले नसते. पण संग्रहालय वस्तू वाचवू शकते, ओसरीवर पडणारा दुपारचा उजेड नाही. केळकरांनी जे निरुपायाने केले, ते आता आपण हौसेने करतो. घर पाडायचे, दरवाजा ठेवायचा. तो दरवाजा मग लॉबीत उभा राहतो. त्याला कडी आहे, कोयंडा आहे, मागे अडसराची खाचही आहे, पण तो उघडत कुठेच नाही. भार न उचलणारी महिरप मी दाखवली. हा तर न उघडणारा दरवाजा!

नौपाड्याकडे येतो. इथे पेशवाई वाडे नव्हते, पण वाड्याची शिकवण होती. जोते, ओटा, पडवी, मंगलोरी कौले, लाकडी कठडा, मागे विहीर. आपला पाऊस पुण्यासारखा नाही. म्हणून इथे उतरते छप्पर आणि खोल पडवी हवी. चाळींनाही मधे आवार असे. गणपती तिथे बसे, क्रिकेट तिथे चाले, लग्नाचा मांडव तिथे पडे. कोरीवकाम म्हणाल तर जवळजवळ शून्य. आणि म्हणूनच ही घरे पाडताना कोणाला वाईट वाटले नाही. जपण्यासारखे काय होते त्यात? नक्षीच नव्हती!

इथेच आपली फसगत होते. वाड्यातली नक्षी हा मालकाच्या ऐपतीचा भाग होता. जोते, पडवी, चौक हा सगळ्यांच्या शहाणपणाचा भाग होता. ऐपतीची खूण आपण कौतुकाने लॉबीत मांडली आणि शहाणपण डंपरमध्ये भरून पाठवून दिले. नव्या इमारतीत पोडियमवर पार्किंग आहे, गच्चीवर बाग आहे. पण सगळ्या घरांची दारे ज्या उघड्या जागेकडे बघतात, अशी जागा तिथे आहे का?

जुने सगळे ठेवा, असे मी म्हणत नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला वारशावर व्याख्यान देणे हा उद्धटपणा आहे. पुनर्विकास होणार, व्हायलाही हवा. मी थोडक्यात दोनच गोष्टी मागतो. पहिली: घर पाडण्याआधी त्याचा नकाशा काढून ठेवा. खण किती, पडवी किती खोल, जोते किती उंच, लाकूड कोणते, कौल कुठले. शेजारच्या महाविद्यालयातली आर्किटेक्चरची मुले हे काम आनंदाने करतील. नुसते फोटो पुरत नाहीत, फोटोत नक्षी येते, माप येत नाही.

दुसरी गोष्ट सोसायटीच्या सभेसाठी. बिल्डर रंगीत चित्रे घेऊन येईल. चौरस फूट, कॉर्पस, भाडे, सगळे विचारा. त्यासोबत हेही विचारा, की आमच्या इमारतीचा चौक कुठे आहे? पावसाळ्यात म्हातारी माणसे कुठे बसतील, मुले कुठे खेळतील, गणपती कुठे बसेल? त्यावर, ‘लॉबीत अँटिक दरवाजा देतोय ना,’ असे उत्तर आले, तर दरवाज्याचे कौतुक करा, चहा घ्या आणि सही मात्र पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवा.